आत्याबाईचा किलो

आत्याबाईंनी मला पहिल्यांदा तोललं तेव्हा माझ्या एका हातात पत्र्याची ट्रंक होती आणि दुसऱ्या हातात गादीची वळकटी. माजलगावात मोंढ्यामागच्या, म्हणजे धान्यबाजारामागच्या, गल्लीत एक खोली भाड्यानं द्यायची आहे असं कळलं होतं, म्हणून कडी वाजवली. दार उघडलं ते एका ठेंगण्या, रुंद बांध्याच्या बाईनं. पदर कमरेला खोचलेला, हात कोपरापर्यंत गव्हाच्या चिकानं माखलेले. तिनं नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. अंगणातल्या छपराखाली उभ्या असलेल्या लोखंडी काट्याकडं कोपरानंच खूण केली.

"चढा."

"मी खोली बघायला आलो होतो..."

"खोली कुठं पळून जायलीय? चढा आधी. पेटीसकट."

मोंढ्यात पोती तोलायला असतो तसला तो काटा होता. खाली पाट, वर आकड्यांची दांडी, दांडीवर सरकणारं वजन. त्यांच्या मालकांची एके काळी आडत होती. मालक गेले, आडत मोडली, काटा राहिला. आत्याबाईंनी मला ट्रंकेसकट तोललं, मग ट्रंक उतरवून नुसतं तोललं, आणि आत नेऊन खोलीच्या दारामागं खडूनं माझा आकडा लिहिला. भाड्याचं बोलणं त्यानंतर.

"जाताना पुन्हा तोलनार," त्या म्हणाल्या. "माझ्या घरातून अजून कुनी घटून गेला न्हाई. वाढूनच जातेत."

त्यांचं नाव मी सांगत नाही, आणि सांगितलं तरी गल्लीत कुणी ओळखणार नाही. पोस्टमनपासून तहसीलच्या शिपायापर्यंत सगळ्यांच्या त्या आत्याबाई होत्या.

पोट भरायचं साधन म्हणजे वाळवण. कुरडया, पापड, सांडगे, शेवया. लोक गहू आणून देत, त्या कुरडया करून देत, आणि गिऱ्हाईक दर वेळी म्हणे, "आत्याबाई, लई कमी आल्या की!" या एका वाक्यानं त्यांना आयुष्यभर छळलं असावं. त्यामुळं त्या सगळंच तोलत. ओल्या कुरडया तोलत, वाळलेल्या तोलत. मेथीची जुडी विकणाऱ्यानं जुडीवर पाणी मारलेलं दिसलं की जुडी त्याच्याच अंगावर झटकत, "भाजी घ्यायला आलेय, अंघुळीला न्हाई." एकदा माझा अंगावरचा ओला पंचा ओढून घेतला, काट्यापेक्षा लहान असा एक ताणकाटा स्वयंपाकघरात होता त्याला अडकवला, दुपारी वाळल्यावर पुन्हा अडकवला आणि मला सांगितलं, "म्यानेजर, तुमी रोज सकाळी धरनाचं एवढं पानी खांद्यावर घेऊन फिरायलाव. उगं न्हाई पाठ दुखत तुमची."

त्यांचं एक वाक्य मला अजून आठवतं. "ओल्याचं वजन म्हंजी पाव्हन्याचं कौतुक. दोन दिवसांनी उतरतंच."

एसटीच्या कंडक्टरशी त्यांचं भांडण झालं होतं, ते गल्लीत वर्षभर पुरलं. त्यानं त्यांच्या पापडाच्या डब्याला सामानाचं तिकीट लावलं. आत्याबाई म्हणाल्या, तोलून दाखव. त्याच्याकडं काटा कुठला? मग त्यांनी बस सुटू दिली नाही. शेवटी कंडक्टरनं डबा स्वतःच्या मांडीवर घेऊन अंदाज सांगितला, आणि त्या म्हणाल्या, "अंदाजानं लेकरं होतेत बाप्पा, वजन न्हाई." सगळी बस हसली. तिकीट लागलं नाही.

हे सगळं मी हसत सांगतो आहे. मला माहीत आहे मी का हसतो आहे. मी बोलका माणूस नाही. बायको म्हणते, तुमच्याकडून गोष्ट काढायची तर खोल आडातून कळशी काढल्यासारखी काढावी लागते, आणि वर येईस्तोवर अर्धी सांडलेली असते. ही एक कळशी मी बरीच वर्षं आडात सोडून दिली होती.

मी तेव्हा मका पिकवणाऱ्या शेतकऱ्यांच्या एका गटाचा मॅनेजर होतो. बायको-मुलं बीडला, मी आठवडाभर माजलगावात, शनिवारी एसटीनं घरी. गटाचं काम साधं होतं. सभासदांनी मका आणायची, आम्ही ती तोलून घ्यायची, गोदामापुढच्या सिमेंटच्या ओट्यावर उन्हात वाळवायची, आणि वाळली की एकत्र कोंबडीखाद्याच्या कारखान्याला पाठवायची. कारखान्याला चौदा टक्क्यांवर ओल चालत नसे. ओल मोजायचं एक यंत्र गटानं घेतलं होतं, वाटीभर दाणे टाकले की आकडा दाखवणारं. सगळे त्याला 'मिशन' म्हणत आणि ते फक्त मी हाताळत असे. मला त्याचा थोडा गर्वही होता, लपवत नाही.

गोदामाला राखणदार होता सोपान. दर वर्षी बायकोला घेऊन ऊसतोडीला जाणारा माणूस. गटानं त्याला ठेवून घेतलं आणि त्या घरातला कोयता पहिल्यांदा खुंटीला लागला. गोदामाला लागूनच त्याची पत्र्याची खोली. बायको रुक्मिण आत्याबाईंकडं पापड लाटायला येई. दारात सात कोंबड्या.

त्या वर्षी परतीचा पाऊस रेंगाळला आणि मका ओलीच आली. मिशन वीस टक्के दाखवी. दोनशे क्विंटल मका ओट्यावर पसरली, सोपाननं ती दिवसातून चारदा दाताळ्यानं वरखाली केली, संध्याकाळी गोळा करून झाकली. मिशननं चौदा दाखवले तेव्हा पोती भरली आणि तोलली.

मोंढ्यात एक हिशेब सगळ्यांच्या तोंडी होता: एक टक्का ओल, शंभराला एक किलो घट. आजे-पणजे म्हणत आले, आडते म्हणत आले. वीसचे चौदा झाले, म्हणजे सहा टक्के उडाले, म्हणजे शंभर किलोचे चौऱ्याण्णव राहायला हवेत. प्रत्यक्षात राहिले त्र्याण्णव. शंभराला एक किलो कमी, दोनशे क्विंटलला दोन क्विंटल. पन्नास किलोची चार पोती.

चार पोती मका गेली कुठं?

बैठक ओट्यावरच भरली. अध्यक्ष होते आप्पा. मोठे शेतकरी, मनानं वाईट नाहीत, पण आवाज असा की कुजबुजले तरी पलीकडच्या दुकानात कळावं. कुणीतरी मागून म्हणालं, "सोपान्याच्या कोंबड्या बगितल्या का? बदकं झाल्यात बदकं." लोक हसले. सोपान उभा होता. तो म्हणाला, "आप्पा, दाना उचलला असंल तर हात झडून जातेल माजे." आप्पा म्हणाले, "शपथा नको बे. म्यानेजर, तुमी सांगा. मिशन काय म्हनतं?"

मी उठलो. मी जे बोललो ते शब्दाला शब्द लिहितो. "सहा टक्के ओल उडाली, म्हणजे शंभराला सहा किलो. ते बरोबर आहे. वरच्या एका किलोचं मला सांगता येणार नाही."

एवढंच. 'सोपान चोर आहे' असं मी म्हणालो नाही. पण त्या बैठकीत माझं शेवटचं वाक्य ऐकून प्रत्येक मान सोपानकडं वळली, आणि मला ती तशी वळायलाच हवी होती. कारण गोदामाच्या कुलपाला किल्ल्या दोन. एक सोपानकडं. दुसरी माझ्या खिशात, बोलताना मी ती मुठीत धरून उभा होतो. सोपान नसेल तर कोण, हा प्रश्न कुणाला सुचायच्या आत मी खाली बसलो.

सोपानला काम सोडायला सांगितलं. आठवडाभरात, मंगळवारी, त्याच्या गावचा मुकादम टोळीचा ट्रक घेऊन निघणार होता. सोपाननं खुंटीवरचा कोयता काढला.

रुक्मिणीनं पापड लाटता लाटता आत्याबाईंना सांगितलं. ती रडली नाही म्हणे, फक्त म्हणाली, "जाऊ ऊस तोडायला, आमाला काय नवं हाय? पन चोर म्हनून चढावं लागंल ट्रकात." मी नळावर बादली भरत होतो. आत्याबाई लाटणं हातात घेऊनच बाहेर आल्या.

"म्यानेजर, शंभराला सहा हे कुनी तोललं?"

"आत्याबाई, हिशेबच आहे तो. विसातून चौदा गेले..."

"मी हिशेब न्हाई इचारला. कुनी तोललं?"

"तोलायचं कशाला? सगळा मोंढा..."

"म्हंजी कुनीच न्हाई," त्या म्हणाल्या. "येवढा मोंढा, येवढे काटे, आन एक क्विंटल मका वाळवून कुनी पुन्हा तोलली न्हाई कदी. अन् मानूस मात्र तोलून मोकळे."

बादली भरून वाहत होती. मी नळ बंद केला.

दुसऱ्या दिवशी, बुधवारी, त्या ओट्यावर आल्या त्या डोक्यावर डालगं घेऊन. डालग्यात सोपानच्या सातही कोंबड्या. गटाच्या काट्यावर डालगं ठेवलं, तोललं, आणि आप्पांना विचारलं, "दोन क्विंटल मका ह्येंच्या पोटात गेली असंल तर ह्या कोंबड्या हायेत का म्हशी? बगा की, उचलून बगा एक." आप्पांनी खरंच एक उचलली. तिनं त्यांच्या पांढऱ्या सदऱ्यावर करायचं ते केलं. लोक पोट धरून हसले, पण आप्पा चिडले.

"आत्याबाई, थट्टा पुरं. मका कमी हाय ते हाय."

"मग वाळवू," त्या म्हणाल्या. "तुमच्याच रानातली, आप्पा. तुमची मागास पेरलेली मका अजून ओली हाय ना? द्या एक क्विंटल. माझ्या अंगनात, माझ्या काट्यावर, सगळ्यांम्होरं. म्यानेजरचं मिशन चौदा म्हनलं की तोलू. चौऱ्यान्नव भरली तर सोपान्या चोर, आन माझा काटा तुमी भंगारात घाला."

त्या काट्यावर आत्याबाई कुणाला पाय धुतल्याशिवाय चढू देत नसत. दसऱ्याला त्याची पूजा होई, आधी काट्याला आणि मग देव्हाऱ्याला नैवेद्य. तो भंगारात म्हणजे काय हे गल्लीतल्या पोरालाही कळलं असतं.

"आन त्र्यान्नव भरली तर?" आप्पांनी विचारलं.

"तर सोपान्याला ट्रकातून उतरवायला तुमी सोता जायचं."

गुरुवारी सकाळी आप्पांच्या गाडीतून मका आली. मिशननं बरोबर वीस दाखवले. शंभर किलो तोलून अंगणात ताडपत्रीवर पसरली. सोपाननं जवळ यायचं नाही, असं ठरलं. पाखरं येऊ नयेत म्हणून वर जुनी लुगडी आणि मच्छरदाण्या ताणल्या. संध्याकाळी मका पोत्यात भरायची, पोत्याच्या तोंडाला आप्पांनी आपल्या हातानं गाठ मारायची, सकाळी त्यांनीच सोडायची. आत्याबाई दिवसभर काठी घेऊन बसून. कुरडयांच्या तीन ऑर्डरी परत केल्या. एक चिमणी मच्छरदाणीच्या भोकातून आत शिरली आणि दाणा घेऊन गेली. आत्याबाईंनी तिच्याकडं बघत बोट वर केलं.

"म्यानेजर, एक दाना. ध्यानात ठेवा. नंतर म्हनाल, आत्याबाईनं खाल्ला."

मी रोज दुपारी मिशन घेऊन बसे. एकोणीस. साडेसतरा. लोक कामं सोडून बघायला येत. कुणी व्हिडिओ काढला, तो व्हॉट्सअ‍ॅपवर फिरला, आणि मग पलीकडच्या तालुक्यातूनही माणसं यायला लागली. आत्याबाई त्यांना पाणी देत आणि जाताना काट्यावर चढवत. त्यांना इतक्या खुशीत मी कधी पाहिलं नव्हतं.

आणि इथं मला थांबावं लागतं.

शनिवारी मी बीडला निघालो. वडवणीच्या अलीकडं बस टायर बदलायला थांबली. मी रस्त्याकडेला बाभळीच्या सावलीत उभा होतो आणि उगाच मनाशी आकडे फिरवत होतो. शंभर किलो मका. वीस किलो पाणी, ऐंशी किलो दाणा. दाणा उन्हात कुठं जात नाही, ऐंशीचा ऐंशीच राहतो. समजा चौऱ्याण्णव किलो उरले. मग त्यात पाणी चौदा किलो. पण मिशन किलो मोजत नाही, टक्के मोजतं. चौऱ्याण्णवातले चौदा म्हणजे शंभरातले जवळपास पंधरा! मिशननं पंधरा दाखवले असते, चौदा नाही. चौदा दाखवायचे असतील तर आणखी पाणी जायला हवं. मोबाइलवर भागाकार केला. त्र्याण्णव.

तो एक किलो कुणी नेला नव्हता. आमच्या हिशेबानं तो कधी धरलाच नव्हता. वजन घटत जातं तसा शंभराचा शंभर राहत नाही, एवढी साधी गोष्ट मी बी. कॉम. झालेला माणूस विसरलो होतो, आणि माझ्यासोबत अख्खा मोंढा.

मोबाइल हातातच होता. आप्पांचा नंबर त्यात होता. सोपानचाही होता. मी फोन खिशात ठेवला आणि बसमध्ये चढलो.

मनाशी म्हणालो, आत्याबाई जिंकणारच आहेत, मग आपण मध्ये कशाला? तीन दिवसांचा तर प्रश्न. खरं कारण ते नव्हतं. खरं कारण हे की, फोन केला असता तर पहिलं वाक्य 'माझं चुकलं' असंच म्हणावं लागलं असतं, आणि कुणीतरी विचारलं असतं, मग बैठकीत का नाही बोललास? आणि मग ती दुसरी किल्ली. त्या तीन दिवसांत रुक्मिणीनं भांडी पोत्यात भरली. सोपाननं कोयत्यांना धार लावली. मी रविवारी मुलांना घेऊन खंडेश्वरीच्या देवळात गेलो, भेळ खाल्ली.

मंगळवार उजाडला. गल्लीच्या तोंडाला मुकादमाचा ट्रक येऊन उभा. त्यात टोळीची माणसं, पोरं, पत्रे, चुली, शेळ्या, आणि सोपान-रुक्मिणीचं गाठोडंही चढलेलं. सोपान ट्रकाच्या फाळक्याला टेकून उभा होता, अंगणाकडं पाठ करून.

अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. मी वाटीभर दाणे मिशनमध्ये टाकले. चौदा. यंत्र आप्पांना दाखवलं, त्यांनी चष्मा वर करून वाचलं आणि मोठ्यानं सांगितलं. पोतं भरलं. आप्पांनी मोंढ्यातून एक इलेक्ट्रॉनिक काटाही आणवला होता, खात्रीला. आत्याबाईंचा चेहरा पडला, पण म्हणाल्या, "आना. त्यालाबी शिकू द्या."

पोतं आधी त्यांच्या काट्यावर चढवलं. आप्पांनी सरकतं वजन चौऱ्याण्णववर नेलं आणि दांडी सोडली.

दांडी हलली नाही. खाली पडून राहिली.

आप्पांनी बोटानं टिचकी मारली. दांडी तशीच. मग त्यांनी वजन हळूहळू मागं आणलं, रेघेरेघेनं, आणि त्र्याण्णववर दांडी उठली, एकदा वर गेली, एकदा खाली आली आणि मधोमध तरंगत राहिली. इलेक्ट्रॉनिक काट्यावर लाल आकडे उमटले. त्र्याण्णव.

"उठली!" आत्याबाई ओरडल्या. "दांडी उठली गं रुक्मिन!"

मग जे झालं ते मी पुन्हा कुठल्या लग्नातही पाहिलं नाही. आप्पा, ते दांडगे आप्पा, गर्दीतून वाट काढत ट्रकापर्यंत गेले आणि साऱ्या बाजाराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "सोपान, उतरव बाबा गाठोडं. चुकलं आमचं." ट्रकातल्या पोरांनी हलगी काढली. टोळीची माणसं, जी सोपानला घेऊन जायला आली होती, तीच त्याचं सामान खाली देत होती, हातोहात, नाचवत. आत्याबाईंनी प्रत्येक वस्तू काट्यावरून पुढं सोडली. गाठोडं तोललं, चूल तोलली, डालग्यातल्या कोंबड्या पुन्हा तोलल्या. शेवटी रुक्मिणीला आणि सोपानला जोडीनं उभं केलं आणि आकडा मोठ्यानं वाचला, आणि लोकांनी असा गजर केला की जणू निवडणुकीचा निकाल. ट्रक गेला, त्यांच्यावाचून. जाताना ड्रायव्हरनं गल्ली संपेपर्यंत हॉर्न दाबून धरला होता.

त्या गडबडीत कुणीतरी विचारलं, "पन असं कसं? किलो गेला कुठं मग?"

आत्याबाई म्हणाल्या, "मला काय ठावं?" त्यांना खरंच ठाऊक नव्हतं. त्यांनी काटा पणाला लावला होता तो हिशेब कळला म्हणून नव्हे. "सोपान्या चोर न्हाई, आन काटा खोटा न्हाई. येवढंच मला ठावं हुतं. म्यानेजर, तुमी शिकलेले, तुमी सांगा."

आणि मी सांगितलं. पाटावर उभं राहून, खडूनं दारावर आकडे काढून. दाणा ऐंशी, पाणी वीस. सगळं. लोक माना डोलवत होते. मधेच आत्याबाई म्हणाल्या, "हां! आमटी आटली तर मीठ वाढतं का? मीठ तेवढंच. आमटी कमी झाली म्हनून खारट लागतं," आणि माझ्या दहा वाक्यांनी ज्यांना कळलं नव्हतं त्यांना ते एका वाक्यात कळलं. टाळ्या पडल्या. आप्पांनी आपल्या गळ्यातला गमजा माझ्या गळ्यात घातला. सोपाननं पुढं येऊन माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाला, "सायेब, तुमी समजावलं म्हनून पटलं लोकांला."

मी हात सोडवून घेतले नाहीत. 'हे मला शनिवारपासून माहीत होतं' असं म्हणालो नाही. टाळ्या घेतल्या, गमजा घेतला.

पुढं वर्षभरात मला बीडला काम मिळालं. निघायच्या दिवशी आत्याबाईंनी काट्यावर चढवलं. दारामागचा खडूचा आकडा आणि दांडीवरचा आकडा जुळेना. त्यांनी दोनदा तोललं. चार किलो कमी.

"ह्ये चार किलो गेले कुठं?" त्या म्हणाल्या. गमतीनं नव्हे. त्यांच्या घरातून घटून निघालेला मी पहिला भाडेकरू. "जेवायला तर घालत हुते की मी. काय खाल्लं तुमाला?"

मी म्हणालो, "प्रवासाचं असेल." त्यांनी दारामागचा आकडा पुसला नाही.

या दसऱ्याला मी माजलगावला गेलो. पन्नाशी उलटल्यावर माणसाला वाटतं, आता घटायलाही फार काही उरलं नाही, बोलून टाकावं. आत्याबाईंनी तो काटा आता गटाला दिला आहे. गोदामाच्या दारात उभा असतो. त्या दिवशी झेंडूच्या माळांनी मढवलेला होता. शेजारी खुर्चीत आत्याबाई. डोळ्यांनी आता नीट दिसत नाही, आवाज तोच. मिशन आणि काटा दोन्ही सोपानच्या ताब्यात. तो एका नव्या सभासदाला समजावत होता, "सा किलो मॉइश्चरचे, आन वरचा एक आत्याबाईचा. तो धरायचाच, भांडायचं न्हाई." गटात त्या किलोला आता हेच नाव आहे. परळीकडचे व्यापारीसुद्धा म्हणतात म्हणे, आत्याबाईचा किलो धरून भाव बोला.

मी आत्याबाईंच्या पायाशी बसलो आणि म्हणालो, "ते चार किलो कुठं गेले ते सांगायला आलोय." आणि सांगितलं. बैठक, खिशातली किल्ली, वडवणीची बाभळ, भेळसुद्धा.

त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मला कावून सांगायलात? माझं काय नेलं तुमी? तिकडं सांगा."

सोपान तिथंच होता. त्यानं सगळं ऐकलं होतं. काट्यावरची एक माळ सैल झाली होती, ती तो बांधत होता.

"मला ठावं हुतं, सायेब," तो म्हणाला. "शनिवारचं न्हाई. किल्लीचं. किल्ल्या दोनच हुत्या की."

"मग बैठकीत बोलला का नाहीस?"

"काय बोलनार? दुसरी किल्ली म्यानेजरकडं हाय म्हनलो असतो, तर तुमाला चोर म्हनले असते." त्यानं गाठ आवळली. "आन तुमीबी चोर नव्हतावच की."

रुक्मिण आतून पेढे घेऊन आली होती, ती ताट धरून तशीच उभी राहिली. आत्याबाईंनीच काठी आपटली.

"झालं का बोलून? चढा आता. पाय धुवा आधी."

मी पाय धुतले आणि चढलो. पायाखाली झेंडूच्या पाकळ्या होत्या. सोपाननं वजन सरकवलं. दांडी उठली, थरथरली, मधोमध थांबली. त्यानं वाकून रेघ वाचली.

"किती रं?" आत्याबाईंनी विचारलं. "माझा दारामागचा आकडा भरला का?"

आत्याबाईंच्या तोंडून ऐकून ऐकून सोपानला तो आकडा पाठ होता. त्या दारामागं तो अजून आहे म्हणे.

"भरला, आत्याबाई. वर एक किलो जास्तीच भरलाय."

"तो माझा," आत्याबाई म्हणाल्या, आणि हात पुढं करून एक पेढा उचलला.